दोन सडांचा हिशेब



मेंढी एका वेताला किती कोकरं देते, असं फलटण-माणकडच्या मेंढक्याला विचारलं तर तो आधी विचारणाऱ्याकडे नीट पाहून घेतो. एकच देते, अजून किती द्यायची? शंभर मेंढ्या व्याल्या तर त्यांत चार-दोन जुळी निघायची, आणि जुळ्यातलं एक हाताला लागेलच असं नाही. हेच सुंदरबनात, खाऱ्या पाण्याच्या काठच्या एखाद्या झोपडीत, गरोळ जातीच्या दोन-चार मेंढ्या बाळगणाऱ्या बाईला विचारलं तर ती सहज म्हणेल, दोन. कधी तीन. त्यात नवल करण्यासारखं तिला काही वाटत नाही.

या दोन उत्तरांमधल्या अंतराबद्दल मी आज बोलणार आहे. मेंढी हा काही व्याख्यानमालेचा रुळलेला विषय नव्हे. पण ज्या जिल्ह्यात निम्म्या तालुक्यांत पाऊस रुसलेला असतो, तिथे मेंढीच्या विणीवर कितीतरी घरांची वर्षाची मिळकत ठरते. लोकरीचे दिवस गेले. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर कातरायची मजुरी लोकरीच्या भावाला भारी पडते. आता मेंढका कोकरू विकून जगतो. म्हणजे प्रश्न उरतो तो एवढाच, की कोकरं किती आणि त्यांतली जगतात किती. या दोन प्रश्नांतला दुसरा अधिक अवघड आहे. पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञांना सापडलं आणि दुसऱ्याने त्यांना जमिनीवर आणलं, असा या गोष्टीचा एकूण रोख आहे.

विणीच्या संख्येवर अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. त्यावर चारा, पाऊस, मेंढीचं वय, फळायच्या वेळची तिची अंगलट यांचा जोर इतका, की आईला जुळं झालं म्हणून लेकीला होईल याची खात्री फार थोडी. आनुवंशशास्त्राच्या भाषेत या गुणाची आनुवंशिकता दहा टक्क्यांच्या आसपास. जुळी देणाऱ्या मेंढ्या निवडत गेलं तर फरक पडतो, पण वर्षाला शेकडा एक-दोनच्या चालीने. माणसाचं आयुष्य त्यात निघून जातं.

त्यातून आपला मेंढका नकळत उलट दिशेला निवड करत आला आहे. कळपासाठी बिजाचा मेंढा तो कसा निवडतो? भरल्या अंगाचा, उंच, पुढे धावणारा. आता असं कोकरू कोणतं असतं? जे पोटात एकटं वाढलं आणि ज्याने आईचं सगळं दूध एकट्याने प्यायलं ते. जुळ्यातलं कोकरू जन्मतःच हलकं, तीन महिन्यांनीही शेजारच्या एकट्यापेक्षा अर्धी वीत मागे. ते बाजारात जातं आणि एकटं कळपात राहतं. पिढ्यान् पिढ्या हे चाललं. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. दिवाळीनंतर वाडा हलवून घाट उतरायचा, रोज नवं रान, रात्री वाघुरीत मेंढरं कोंडायची, आणि चालू न शकणारी कोकरं घोड्यावर लादायची. अशा जगण्यात एका मेंढीमागे एक धट्टंकट्टं कोकरू हेच परवडतं. दख्खनी मेंढीचं एक कोकरू हा त्या माळाने आणि त्या वाटेने ठरवलेला आकडा आहे.

आता थोडं दूर जाऊ. 1792 आणि 1793 साली कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियात सिडनीला उतरल्या. तिथली वसाहत जेमतेम चार-पाच वर्षांची होती, खायची भ्रांत होती, मेंढ्या आणल्या त्या मटणासाठी. पुढे ऑस्ट्रेलियाच्या लोकरउद्योगाचा जनक म्हणून ज्याचं नाव झालं, त्या जॉन मॅकार्थरने 1794 मध्ये अशा साठ बंगाली मेंढ्या विकत घेतल्या होत्या. त्यांच्या अंगावर लोकर नव्हे, राठ केस. त्यांचा संकर दुसऱ्या मेंढ्यांशी झाला, तेव्हा केसांत लोकर मिसळलेली दिसली आणि त्याचं लक्ष लोकरीकडे वळलं, असं त्यानेच नोंदवलं आहे. मग 1797 मध्ये मेरिनो आली, आणि बंगालच्या केसाळ मेंढ्या कळपांत विरघळून गेल्या. त्यांची आठवण ठेवायचं कुणालाच कारण नव्हतं.

दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ बुरूला नावाच्या शेतावर सीअर्स नावाचे भाऊ मेरिनो मेंढ्या पाळत होते. जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या आणि त्यांची पिल्लं ते वेगळी ठेवत. ऑस्ट्रेलियातले बाकीचे मेंढीवाले लोकर पाहत, हे दोघे विण पाहत. शेजाऱ्यांना तो छंद वाटला असेल. 1958 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेला, सीएसआयआरओला, पाच भावंडांतला एक मेंढा दिला. त्या संस्थेत हेलन न्यूटन टर्नर नावाच्या विदुषी होत्या. मूळ शिक्षण वास्तुरचनेचं, तिथून संख्याशास्त्राकडे आणि संख्याशास्त्रातून मेंढ्यांकडे आलेल्या. मेंढीची विण निवडीने वाढवता येते हे आकड्यांनिशी दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्या होत्या. बुरूलाच्या मेंढ्यांचं मोल त्यांना लगेच कळलं.

पण या मेंढ्यांचे आकडे नेहमीच्या हिशेबात बसेनात. निवडीने वाढलेली विण हळूहळू, सरळ रेषेत चढायला हवी. इथे एकाच मेंढ्याच्या लेकींत काही एक देत, काही तीन-चार, मधल्या कमी. गट पडत होते. 1980 च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात पायपर आणि बिंडन, आणि न्यूझीलंडमध्ये डेव्हिस यांनी आपापल्या आकड्यांवरून एकच निष्कर्ष काढला आणि 1982 मध्ये तो छापला: हे अनेक जनुकांचं काम नाही, एकच मोठं जनुक आहे. मेंडेलच्या वाटाण्यासारखं, आहे किंवा नाही. त्याला पुढे ‘फेक-बी’ हे नाव मिळालं, त्यातला ‘बी’ बुरूलाचा. एक प्रत असेल तर मेंढी एका माजाला सरासरी दीड बीजांडं जास्त सोडते, दोन प्रती असतील तर तीन. कोकरांत हा फरक तितका उतरत नाही. एका प्रतीला साधारण एक कोकरू जास्त, दोन प्रतींना दीड. वाटेत जे गळतं ते गर्भाशयात गळतं, कारण तिथे जागा वाढलेली नसते.

सिद्धांत झाला, पण हाताशी काही नाही. मेंढ्याला कोकरं होत नाहीत. त्याच्या अंगात हे जनुक आहे की नाही हे कळायला त्याच्या लेकी जन्माव्या लागतात, वाढाव्या लागतात, फळाव्या लागतात. लेकींच्या पोटात दुर्बीण घालून बीजकोशावर बीजांडं सुटल्याच्या खुणा मोजायच्या: तीन किंवा जास्त असतील तर एक प्रत, पाच किंवा जास्त असतील तर दोन. तोवर मेंढा म्हातारा झालेला. वीस वर्षं जगभर या पद्धतीने काम चाललं. मग 2001 मध्ये फ्रान्स, न्यूझीलंड आणि स्कॉटलंड इथल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे, जवळपास एकाच वेळी, नेमका बदल शोधून काढला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर एक प्रथिन लिहिलेलं आहे, पाचशेच्या आसपास घटकांचं. त्यात 249 व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. डीएनएच्या लिपीत पाहिलं तर एक अक्षर बदललेलं. रक्ताच्या थेंबावरून ते वाचता येतं, मेंढ्याचं आणि नुकत्या जन्मलेल्या कोकराचंही.

हे एक अक्षर काय करतं ते जरा सावकाश पाहू, कारण मला तरी या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग तोच वाटतो. मेंढीच्या बीजकोशात बीजांडं लहान लहान पुटकांत वाढतात. दर माजाला अनेक पुटकं वाढायला लागतात, पण सर्वसाधारण मेंढीत त्यांतलं एक पुढे जातं. ते मोठं झालं की त्याच्या भिंतीतल्या पेशी संप्रेरक सोडतात, ते मेंदूपर्यंत पोहोचतं, आणि मेंदूखालची ग्रंथी पुटकांना पोसणारं आपलं संप्रेरक आवरतं घेते. बाकीची पुटकं त्यामुळे वाळून जातात. फेक-बी ज्या प्रथिनात बदल करतं ते पुटकाच्या भिंतीतल्या पेशींवरचं एक ग्राहक प्रथिन आहे, वाढीला लगाम घालणारे संदेश पकडणारं. बदललेलं ग्राहक तो लगाम नीट पकडत नाही. पुटक लवकर पिकतं, लहान असतानाच, भिंतीत कमी पेशी असतानाच. लहान पुटकाचं संप्रेरक थोडं. मेंदूला ‘आता पुरे’ कळवायला तशी दोन-तीन पुटकं एकत्र लागतात. एक धट्टाकट्टा हमाल जे पोतं उचलतो ते तीन पोरांनी मिळून उचलावं तसं. सगळ्या पुटकांचं संप्रेरक मिळून होतं तितकंच. रक्तात पाहिलं तर एकट्या बीजांडाची मेंढी आणि तीन बीजांडांची मेंढी यांत फारसा फरक सापडत नाही. शरीराला फसवलं गेलं आहे असंही म्हणता येत नाही, कारण शरीराचा हिशेब पूर्ण जुळलेला असतो. फक्त बीजांडं तीन सुटलेली असतात.

अशी जनुकं आणखीही सापडली. न्यूझीलंडमध्ये रोमनी जातीच्या एका मेंढीने अकरा वेतांत तेहतीस कोकरं दिली होती. तिच्या वंशात जे जनुक सापडलं त्याला ‘इन्व्हरडेल’ म्हणतात. ते एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणजे मेंढा ते सगळ्या लेकींना देतो आणि एकाही लेकाला नाही. एक प्रत असेल तर विण वाढते. दोन प्रती झाल्या की बीजकोश वाढतच नाही, मेंढी कायमची वांझ. आइसलँडमध्ये 1950 साली जन्मलेल्या ‘थोका’ नावाच्या मेंढीच्या वंशातही असंच एक वेगळं जनुक निघालं. ज्यांना ‘विण वाढवणारं जनुक’ हे शब्द ऐकून हात शिवशिवतात, त्यांनी इन्व्हरडेल आधी वाचावं.

फेक-बी नेमकं सापडल्यावर ते कुठे कुठे आहे हे पाहणं सोपं झालं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुंदरबनच्या गरोळ मेंढीत ते निघालं, जावा बेटावरच्या मेंढ्यांत निघालं. पुढे चीनच्या हू आणि आखूड शेपटीच्या हान मेंढ्यांतही निघालं, आणि ओडिशाच्या केंद्रपाडा मेंढीत. सगळीकडे तोच बदल, तेच अक्षर. बुरूलातलं जनुक 1792–93 च्या बंगाली मेंढ्यांतून आलं असावं हा टर्नरबाईंसारख्यांचा जुना अंदाज आता बळकट झाला. ज्या जनुकासाठी ऑस्ट्रेलिया नावाजला गेला, ते सुंदरबनच्या घराघरांत मुळातच होतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून गवत खाणारी, बारा-चौदा किलोची, ती बुटकी मेंढी पाहून कुणाला तसा संशय येण्यासारखंही नव्हतं.

फलटणला संशय आधीच आला होता. निंबकर कृषी संशोधन संस्था 1968 पासून तिथे काम करते. संस्थापक बनबिहारी निंबकर हे कापूस, करडई, शेळ्या, मेंढ्या अशा अनेक विषयांत हात घालणारे गृहस्थ. 1990 च्या दशकात त्यांनी बंगालहून गरोळ मेंढ्या फलटणला आणल्या. 1998 पासून ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या मदतीने मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आर्मिडेलचं न्यू इंग्लंड विद्यापीठ होतं. कामाची धुरा डॉ. चंदा निंबकर यांच्याकडे. ऑस्ट्रेलियात दोनशे वर्षांपूर्वी गेलेली गोष्ट शोधायला ऑस्ट्रेलियातलेच लोक परत भारतात आले, हा योगायोग मला आवडतो, आणि त्यावर याहून जास्त काही बोलायची गरज वाटत नाही.

गरोळचा मेंढा लोणंदच्या दख्खनी मेंढीवर सोडला तर पहिल्या पिढीत जनुक येतं, पण त्याबरोबर गरोळचं सगळंच येतं: बुटका बांधा, दीड किलोच्या आतबाहेरचं कोकरू, बाजारात भाव नाही. म्हणून पुन्हा दख्खनीशी, पुन्हा दख्खनीशी. गरोळचं रक्त अर्धं, मग पाव, मग अदपाव. दर पिढीत निम्म्याच कोकरांत जनुक उतरतं. ती कोणती हे 2001 नंतर रक्त तपासून कळायला लागलं, त्याआधी अंदाजाने. पुण्याच्या प्रयोगशाळेत सुरू झालेली ती चाचणी पुढे फलटणमध्येच होऊ लागली. जतकडची उंच माडग्याळ आणि दुधासाठी इस्रायलची अवासी यांचंही रक्त त्यात मिसळलं गेलं. यातून जी मेंढी उभी राहिली तिला ‘नारी सुवर्णा’ म्हणतात.

दुधासाठी अवासी का, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. मेंढीला सड दोन असतात. गायीसारखे चार नाहीत. जनुकाने बीजांडं तीन केली तरी सड दोनच राहतात, आणि माणदेशी माळावर चरणाऱ्या मेंढीच्या त्या दोन सडांतही दूध एकापुरतंच असतं. दोन कोकरं उभी करायची तर आईला दूध हवं, दूध हवं तर शेवटचा दीड महिना पोटात दोन जीव असताना तिला खुराक हवा, आणि खुराक म्हणजे पैसा. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेंढ्यांचं नेमकं हेच झालं. तीन-चार कोकरं जन्मत, मोकळ्या कुरणात कुणी जवळ नसताना मरत. तिथल्या लोकरवाल्यांनी त्या मेंढीला कधी मनापासून जवळ केलं नाही. इस्रायलमध्ये मात्र तेच जनुक अवासी आणि आसाफ मेंढ्यांत घालून चाललं, कारण तिथे मेंढ्या गोठ्यात असतात आणि चारा दारात येतो. दोन्हीकडे जनुक तेच होतं, फरक होता तो ते पोसणाऱ्या हातात.

फलटणच्या कामाचं मोठेपण मला जनुक आणण्यात वाटत नाही. ते कितपत घ्यायचं याची मोजदाद त्यांनी केली, यात वाटतं. संस्थेच्या कळपात एक प्रत असलेल्या मेंढ्या शंभर वेतांमागे दीडशेच्या आसपास कोकरं देऊ लागल्या. ऑस्ट्रेलियातल्या आकड्यापेक्षा हे कमी. काही लोकांना यात निराशा दिसली. मला यात फलटणचं नशीब दिसतं. एका प्रतीला एक-दोनच कोकरं, तिळं क्वचित. दख्खनी मेंढीच्या अंगाला आणि दोन सडांना झेपेल असा हा आकडा. मेंढक्यांच्या कळपात गेल्यावर वाढ आणखी थोडी कमी झाली, कारण तिथे चारा कमी आणि चालणं जास्त. तरीही ती होती. प्रकल्पातल्या लोकांनी मेंढ्या देऊन हात झटकले नाहीत. मेंढक्यांच्या वाड्यांवर जाऊन कोकरं मोजली, वजनं केली, औषधपाणी केलं, जगली किती ते वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. शास्त्रीय लेखांत हे काम एका वाक्यात संपतं. प्रत्यक्षात ते सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत कंटाळवाणं असतं, आणि त्याच्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनेही गरोळचं हेच जनुक मालपुरा मेंढीत आणलं, पाटणवाडीची जोड देऊन ‘अविशान’ नावाची मेंढी केली. तिथली परिस्थिती वेगळी, पण मूळ प्रश्न तोच.

आता या सभागृहात मेंढ्या बाळगणारे काही जण बसले आहेत, त्यांच्यासाठी व्यवहाराची गोष्ट. बाजारात जो मेंढा ‘जुळ्यांचा’ म्हणून विकला जातो, त्याच्याबरोबर रक्ततपासणीचा कागद मागा. मेंढ्याकडे पाहून हे जनुक दिसत नाही, आणि तो स्वतः जुळ्यातला आहे म्हणून ते त्याच्यात असेलच असंही नाही. कागदावर दोन प्रती असतील तर त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत मिळेल, एकही सुटणार नाही. एकच प्रत असेल तर निम्म्या लेकींना मिळेल आणि कोणत्या निम्म्या हे तुम्हाला कळणार नाही. दोन प्रतींचा मेंढा महाग पडतो, पण पहिल्या खेपेला तोच घ्यावा.

खरी चूक दुसऱ्या खेपेला होते. त्या मेंढ्याच्या लेकी कळपात राहतात, दोन वर्षांनी जुळी देतात, मेंढका खूश होतो आणि पुन्हा तसलाच दोन प्रतींचा मेंढा आणतो. मग नातींतल्या निम्म्यांच्या अंगात दोन प्रती येतात. त्या तिळी देतात. दोन सडांवर तीन कोकरं, त्यांतलं एक वरच्या दुधावर, आणि वाडा कोकणाच्या वाटेला लागलेला. ज्याच्याकडे बांधून चारा घालायची सोय आहे, शेळीचं दूध आहे, घरात बाटली धरायला माणूस आहे, त्याने ते करून पाहावं. ज्याचा वाडा चालता आहे त्याने दुसऱ्या खेपेला त्या लेकींवर जनुक नसलेला, चांगल्या अंगाचा साधा दख्खनी किंवा माडग्याळ मेंढा सोडावा. निम्म्या नाती एका प्रतीच्या निघतील, निम्म्या बिनजनुकाच्या, आणि दोन प्रतींची एकही निघणार नाही. निम्म्यांना एक-एकच कोकरू होईल, म्हणून जीव हळहळेल. ज्याला नेमकं हवं त्याने दर वेतात जन्मलेल्या माद्यांचं रक्त तपासून घ्यावं आणि एका प्रतीच्या माद्याच मागे ठेवाव्यात. बाकीच्या विकाव्यात. मेंढा निवडताना मात्र सगळ्यांत मोठा दिसणारा कोण हे पाहायचं नाही, तो एकटा जन्मला की जुळा हे आधी विचारायचं. जुळा असून जो चांगला वाढला आहे तो घ्यायचा. त्यासाठी कोकरू जन्मल्या दिवशी कानात बिल्ला मारावा लागतो आणि वहीत ओळ लिहावी लागते. वही कुठलीही चालेल.